पान चारशे बारा

"तुम्ही एका जिवंत माणसाची नक्कल करून ती खुर्चीत बसवलीत, आणि तिच्या तोंडून फाशी वदवून घेतलीत. हा खून आहे आणि तो तुम्ही केलाय."

निवृत्त न्यायमूर्ती केरबा मुळीक यांनी प्रतिज्ञापत्राची सुरुवात अशी केली. त्यांची मुलगी विभावरी वकील. तिनं लाल पेन काढलं आणि ती दोन्ही वाक्यं आडवी कापली.

"बाबा, हे प्रतिज्ञापत्र आहे. बिंदू चौकातलं भाषण नाही."

"खोटं आहे का?"

"खऱ्याखोट्याचं नंतर बघू. 'तुम्ही' म्हणजे कोण, ते तरी लिहिलंय का?"

मुळीकांनी कापलेली वाक्यं पुन्हा वाचली. कोण म्हणून सांगणार? कोर्टाचं प्रशासन म्हणालं असतं, समितीनं ठरवलं. समिती म्हणाली असती, कायदा मंत्रालयानं केला. मंत्रालय म्हणालं असतं, न्यायमूर्तींनीच मागणी केली होती. आणि न्यायमूर्तींच्या त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांत मुळीकांचाही हात होता. देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात सहा वर्षं बसलेला माणूस, आणि दोष कुणाच्या नावावर टाकायचा हे त्याला लिहिता येईना.

हे सगळं सुरू झालं चार दिवसांपूर्वी, एका बाईमुळं.

सकाळी नऊची वेळ. कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात मुळीक चहा घेत होते. फाटक ढकलून एक पन्नाशीची बाई आत आली. डोईवर पदर, हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी.

"मुळीक सायबांचं घर ह्येच न्हवं?"

"हो. काय काम आहे?"

"काम काय न्हाई. येक कागुद वाचून घ्याचा हुता."

असे लोक यायचे. कुणाला पोराच्या बदलीसाठी शिफारस हवी, कुणाला भावकीच्या वाटणीवर फुकट सल्ला. मुळीकांनी चष्मा लावला. सरकारी दवाखान्यातला जुना केसपेपर होता, निळ्या शाईतला. त्यांनी मोठ्यानं वाचला.

"कोळेकर भिवा बिरू, वय सव्वीस, राहणार तालुका जत. बैलगाडीवरून पडला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. तीन आठवड्यांनी परत बोलावलं." खाली तारीख, डॉक्टरची सही, दवाखान्याचा गोल शिक्का.

"वाचाया आलं न्हवं?" बाईनं विचारलं.

"आलं की. डॉक्टरच्या मानानं अक्षर चांगलंय."

"मग नऊ वर्सामागं का न्हाई वाचला?"

मुळीकांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"मी हौसा. भिवाची थोरली भन. त्यो कागुद तवाबी ह्योच हुता. तुमच्याच फायलीत हुता, चारशे बारा नंबरच्या पानावर. खालच्या कोर्टांत लावता आला न्हाई, कारन आईच्या ट्रंकंत घावला तवा हायकोर्टबी झाल्तं. तुमच्या कोर्टात लावला. आमचा फुकटातला वकील म्हनला, बाई, काळजी करू नगं, वर आपला मराठी सायब हाय."

शेतातल्या वस्तीवरचे तिघं जण कुऱ्हाडीनं मारले गेले होते. मेंढरं चारण्यावरून भांडण झालं होतं, म्हणून भिवाला धरलं. शवविच्छेदन करणारा डॉक्टर साक्षीत म्हणाला होता की घाव उजव्या हाताचे आहेत, पूर्ण ताकदीचे आहेत. प्लास्टरची तारीख खुनाच्या पाच दिवस आधीची. भिवाला धरलं तोवर ते निघालं होतं, आणि कागदाशिवाय त्याचं कुणी मानलं नाही. शाळा न शिकलेल्या हौसाला एवढं कळत होतं. ते कळायला कायद्याची पदवी लागत नव्हती. फक्त पान उलटावं लागत होतं.

"गुरवारी न्हाई, त्याच्या फुडच्या गुरवारी सकाळी देनार हायती," हौसा म्हणाली. फाशी हा शब्द ती उच्चारत नव्हती. "मी भांडाय आली न्हाई, सायब. मला निस्तं बघाचं हुतं, तुमास्नी वाचता येतंय का न्हाई."

चहा न घेताच ती गेली.

आता प्रतिज्ञापत्रातली ती 'नक्कल', म्हणजे कोर्टातलं ते यंत्र काय आहे, ते सांगायला हवं.

वरच्या कोर्टाचा एक जुना नियम आहे. तिथं निकाल लागला आणि कुणाला वाटलं की चूक झाली, तर फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो अर्ज ज्यांनी निकाल दिला त्याच न्यायमूर्तींपुढं जातो. दुसरा नवा माणूस आणला, तर तो फेरविचार कसला, तो तर नवाच विचार. अडचण अशी की न्यायमूर्ती निवृत्त होतात, मरतात. अर्ज मात्र साठत राहतात. म्हणून दहा वर्षांपूर्वी प्रतिपीठ आलं.

प्रतिपीठ कायदा शिकत नाही. ते एक माणूस शिकतं. न्यायमूर्ती निवृत्त झाले की त्यांनी सही केलेला प्रत्येक निकाल यंत्राला देतात. कोर्टातल्या त्यांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं देतात, मसुद्यांच्या कडेला केलेल्या खुणा देतात. कोर्टात कागद बंद होऊन टॅबलेट आले होते. त्यामुळं कोणतं पान कोणत्या न्यायमूर्तींनी किती सेकंद पाहिलं, याचीही नोंद असते, तीही देतात. मग चारशे जुनी प्रकरणं बाजूला ठेवून परीक्षा घेतात. फाईल यंत्रापुढं ठेवायची आणि विचारायचं, हे न्यायमूर्ती काय निकाल देतील? मुळीकांच्या प्रतिपीठानं चारशेपैकी तीनशे अठ्ठ्याऐंशी बरोबर सांगितली होती. सत्त्याण्णव टक्के. तसं प्रमाणपत्र निरोप समारंभात त्यांच्या हातात दिलं होतं, शालीबरोबर. त्यांनी संमतीपत्रावर सही केली तेव्हा टाळ्या पडल्या. आपण निवृत्त झालो तरी न्यायदान चालू राहणार, या विचारानं त्यांचा ऊर भरून आला होता. गडहिंग्लजच्या तालुका कोर्टात बेलिफ असलेल्या बापाचा पोरगा अमर झाला होता.

भिवाचा फेरविचाराचा अर्ज मूळ निकाल देणाऱ्या दोघांच्या प्रतिपीठांपुढं, म्हणजे दोन खुर्च्यांपुढं गेला. एक न्यायमूर्ती चतुर्भुज सहाय यांची. ते वारले होते. दुसरी मुळीकांची, ते रुईकर कॉलनीत चहा पीत होते. दोन्ही खुर्च्यांनी अर्ज फेटाळला. मुळीकांना कुणी कळवलंसुद्धा नाही. कळवायचं कारण नव्हतं; कायद्याच्या नजरेत ते तिथं हजर होते.

हौसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुळीक विमानानं राजधानीला गेले. प्रतिपीठ विभागाची प्रमुख मराठी निघाली, कल्याणी ठोंबरे, मूळची नाशिकची. चाळिशीची, केस बारीक कापलेले. साहेब आले म्हणून उठून उभी राहिली. बोलताना मात्र तिनं काही हातचं राखलं नाही.

"तुमचं यंत्र चुकलंय," मुळीक म्हणाले. "त्याला मराठी वाचता येत नाही."

"तुमच्यापेक्षा चांगलं येतं, सर. मोडीसुद्धा येते."

"मग पान चारशे बारा?"

तिनं पडद्यावर नोंद काढली. "वाचलंय की. दोन वेळा. अर्थही बरोबर लावलाय: आरोपीचा उजवा हात निकामी, घटनेशी विसंगत. हे बघा."

"आणि तरी फेटाळला?"

ठोंबरेनं नोंदीवर बोट ठेवलं. "सर, यंत्राचं काम न्याय करणं नाही. तुम्ही काय केलं असतं, ते सांगणं आहे. प्रत्येक पानाला ते आधी विचारतं, मुळीकसाहेबांनी हे पान उघडलं असतं का? जितकी शक्यता, तितकं त्या पानाला वजन. फाईलच्या शेवटी लावलेलं, भाषांतर नसलेलं मराठी पान तुम्ही उघडण्याची शक्यता हजारात चार निघाली. म्हणजे वजन शून्यातच जमा. यंत्रानं ते पान वाचलं, सर. पण तुम्ही वाचलं नसतंत, म्हणून ते धरलं नाही."

मुळीकांनी चष्मा लावला.

"माझी मूळची नोंद दाखवा. निकालाच्या दिवसाची."

"ती बाहेर द्यायला बंदी आहे. प्रत मिळणार नाही." तिनं पडदा त्यांच्याकडं फिरवला आणि स्वतः खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

निकालाचा मसुदा, एकशे अठ्ठावीस पानं, लेखक न्यायमूर्ती सहाय: अकरा मिनिटं. मूळ कागदपत्रं: उघडली नाहीत. पान चारशे बारा: शून्य सेकंद. सही: चार वाजून दहा मिनिटं.

चार दहा. म्हणजे चहाच्या आधी. मुळीकांना ती दुपार आठवत नव्हती, कारण तशा दुपारी शेकड्यांनी होत्या. खंडपीठावर दोघं असले की निकाल ज्येष्ठानं लिहायचा आणि धाकट्यानं खाली "मी सहमत आहे" म्हणून सही करायची. मसुदा दुपारी यायचा. तो प्रश्न विचारून परत पाठवणं म्हणजे ज्येष्ठाचा अपमान. सगळेच तसं करायचे. सत्तावीसशे निकालांवर मुळीकांची सही होती. स्वतः लिहिलेले सहाशेच होते. उरलेल्या एकवीसशेंत डोकं दुसऱ्याचं आणि सही यांची. यंत्राला फक्त सही दिसते. सहायांशेजारी ते चार वर्षं बसले होते. फौजदारी प्रकरणांत त्यांच्या नावाच्या खुर्चीत निम्मेअधिक सहायच बसले होते.

पण मराठी पानाचं काय? ते तर सहायांचं नव्हतं. ते पूर्ण त्यांचं होतं.

नवीन असताना त्यांनी एकदा भर कोर्टात एक पंचनामा मूळ मराठीतून वाचून दाखवला होता. भाषांतरात चूक होती, ती पकडली होती. मनात खूष होते. सहाय त्यांच्या कानाशी झुकून हसत म्हणाले, "ब्रदर मुळीक, आपण पुन्हा तालुका कोर्टात आलो की काय?" एवढंच. वाईट हेतूनं म्हणाले नसतीलही. पण मुळीकांना एकदम बेलिफाच्या खाकी कोटाचा वास आला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकही मराठी पान उघडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "भाषांतर जोडा." आपला पोरगा देशाच्या कोर्टात बसलाय म्हणून बाप गावभर पेढे वाटत फिरला होता, आणि पोरगा बापाची भाषा टेबलाखाली लपवत होता. हे कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रानं आठवड्यात ओळखलं.

कोल्हापूरला परत आल्यावर त्यांनी विभावरीला सगळं सांगितलं. शेवटचा एक अर्ज उरला होता. त्याला जे प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं, त्याचीच पहिली दोन वाक्यं विभावरीनं कापली होती.

तिनं पुढचा परिच्छेद वाचला. मग म्हणाली, "'वाचलं नाही' असं लिहू नका. 'नजरेतून सुटलं' लिहा."

"नजरेतून सुटायला आधी नजर टाकावी लागते. मी टाकली नव्हती."

"बाबा, तुम्हाला कळतंय का काय होईल? तुम्ही शपथेवर म्हणालात की मी न वाचता सही केली, तर दुसऱ्या दिवशी एकवीसशे अर्ज येतील. प्रत्येक कैदी विचारेल, माझी तरी फाईल वाचली का? आणि फक्त तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच विचारतील."

"विचारू देत की."

"सोपं आहे तुम्हाला! पेन्शन चालू आहे, शाल मिळालीय." तिचा आवाज चढला. "माझं नाव हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी वर गेलंय. तीन वर्षं थांबलेय मी. मुळीक हे आडनाव बघून गेलंय, मला काय कळत नाही होय? आणि नेमकं आत्ता तुम्ही त्या आडनावाला काळं फासणार."

"विभा, माणूस मरतोय."

"नऊ वर्षांपूर्वी नव्हता मरत?"

हे लागलं. तिलाही कळलं की लागलं. पण तिनं शब्द मागं घेतला नाही आणि त्यांनी तो परत मागितला नाही.

तरी प्रतिज्ञापत्र तिनंच नीट लिहून दिलं. सोळा परिच्छेद, एकही शब्द जास्त नाही. सातव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं: "मी सदर कागदपत्रं वाचली नव्हती." सोबत पान चारशे बाराचं भाषांतर जोडलं, ते मुळीकांनी स्वतः केलं. मात्र वकीलपत्रावर तिनं सही केली नाही. "मी उभी राहणार नाही," म्हणाली. मुळीकांनी जेवायला बोलावलं तेव्हा ती गाडी काढून निघून गेली होती.

सुनावणी मंगळवारी लागली, फाशीच्या दोन दिवस आधी.

मुळीक पहिल्यांदाच त्या दालनात खालून वर बघत होते. खालून मंच फार उंच दिसत होता. बसायच्या जागेत मागं हौसा होती, पिशवी मांडीवर घेऊन. भिवाला फुकट मिळालेला तरुण वकील इतका घाबरला होता की त्यानं सगळं बोलणं मुळीकांवरच सोपवलं. वर तीन खुर्च्या. डावीकडं सहायांच्या नावाची पाटी आणि एक छोटा स्पीकर. उजवीकडं मुळीकांच्या नावाची पाटी आणि तसाच स्पीकर. मध्ये अध्यक्ष, हाडामांसाचे. शेवटच्या अर्जाच्या वेळी एक तरी न्यायमूर्ती जिवंत असावा, असं कायदा म्हणतो. हे अध्यक्ष पूर्वी वकील म्हणून मुळीकांपुढं उभे राहायचे.

बोलणं इंग्रजीतून चाललं होतं. अध्यक्ष अदबीनं वागत होते. मुळीकांसाठी त्यांनी खुर्ची मागवली. मुळीक बसले नाहीत.

सरकारची वकील उठली. "मिलॉर्ड, प्रतिज्ञापत्र देणारे आदरणीय न्यायमूर्ती आज सत्तर वर्षांचे आहेत. निकाल देणारे न्यायमूर्ती एकसष्ट वर्षांचे होते. माणसाचं मन बदलतं, त्याला आजारपण येतं, पश्चात्ताप होतो, आम्ही समजू शकतो. पण कायदा त्या एकसष्ट वर्षांच्या न्यायमूर्तींना विचारतो. आणि ते इथंच बसलेले आहेत."

तिनं उजव्या खुर्चीकडं हात केला.

अध्यक्षांनी मान डोलावली. सहायांच्या खुर्चीनं आपलं 'नामंजूर' आधीच नोंदवलं होतं. "ब्रदर मुळीक, आपलं मत?"

"मला..." मुळीकांनी तोंड उघडलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न त्यांना नव्हता.

स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला. नऊ वर्षांनी तरुण, घसा साफ असलेला, विनयशील. "अर्ज आणि सर्व कागदपत्रं आम्ही काळजीपूर्वक पाहिली आहेत. फेरविचार करावा असं त्यात काही आढळलं नाही. अर्ज नामंजूर करावा, या मताचा मी आहे."

मागून कुणीतरी खोकलं. ते वाक्य मुळीकांनी किती वेळा लिहिलं होतं याला गणती नव्हती. लिहिलं तरी कुठं होतं? ते लघुलेखकाकडं तयारच असायचं, फक्त प्रकरणाचा नंबर बदलायचा.

"खोटं बोलतोय तो," मुळीक म्हणाले.

"न्यायमूर्ती मुळीक..."

"मी बोलायचो तसंच खोटं बोलतोय. त्यात यंत्राचा दोष नाही, ते अगदी बिनचूक बनवलंय. त्यानं ते पान वाचलंय. त्याला ठाऊक आहे की भिवा कोळेकरचा हात प्लास्टरमध्ये होता. आणि मी पाहिलं नसतं म्हणून ते पाहत नाही. माझी लाज तुम्ही त्यात भरलीत आणि तिला पूर्वपरंपरा असं नाव दिलंत. ते मत मराठी वाचता येत असून ज्यानं पान उलटलं नाही, त्या माणसाचं आहे. त्याला विचारून काय मिळणार?"

"आपलं प्रतिज्ञापत्र नोंदीवर घेतलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "आम्ही त्यावर पूर्ण विचार केला आहे. दोन सदस्यांचं मत स्पष्ट आहे. आपण कृपया बसावं."

"काय चाललंय वो?" मागून हौसानं मोठ्यानं विचारलं. "सायब, ह्ये काय म्हनत्यात?"

पट्टेवाल्यानं तिला गप्प राहायची खूण केली. मुळीकांनी मागं वळून मराठीत सांगितलं, "थांबा हौसाबाई. विचारतोय."

मग ते परत अध्यक्षांकडं वळले.

"त्या दोन खुर्च्यांना मला काही विचारायचं नाही. तुम्हाला विचारायचंय. तुमच्यापुढं टॅबलेट आहे. पान चारशे बारा तुम्ही उघडलंत का?"

"मला मराठी येत नाही, हे आपण जाणता."

"शेजारी भाषांतर लावलंय. माझ्या हातचं. सहा ओळी आहेत. उघडलंत का?"

अध्यक्षांनी खाली बसलेल्या शिरस्तेदाराकडं पाहिलं. शिरस्तेदार उभा राहिला आणि त्यानं पुढच्या प्रकरणाचा नंबर पुकारला. पुढच्या प्रकरणाचे वकील फायली सावरत पुढं आले. मुळीक माईकपुढून हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी लाकडी कठडा धरला. आता ते इंग्रजीत बोलेनात. मराठीत बोलू लागले, तालुक्याच्या मराठीत, मोठ्यानं, आणि दालनात ज्यांना कळत नव्हतं त्यांनीही माना वर केल्या.

"पुकारू नका, माझं झालं नाही. साहेब, ते यंत्र आत्तासुद्धा मोजतंय. तुम्ही कुठलं पान उघडता, किती सेकंद बघता, सगळं. तीन वर्षांनी तुम्ही निवृत्त व्हाल, शाल घ्याल, आणि तुमच्या नावाची खुर्ची इथं येईल. ती पुढं दोनशे वर्षं बसेल. तिला आज काय शिकवताय? परवा सकाळी एका माणसाला मारणार आहेत. मी वाचलं नव्हतं, मी शपथेवर सांगितलंय. आता तुम्ही सांगा. वाचलंत का? हो की नाही?"